गोड्या प्रश्नांचा खार

लोणारला तळं पाहायला आलेला पाहुणा बहुतेकदा आधी धारेवर थांबतो. गोमुखातून बारमाही पडणारं ते पाणी ओंजळीत घेतो, तोंडावर मारतो, एखादा घोटही घेतो. मग विवर उतरून तळ्याच्या काठाशी जातो आणि चक्रावतो. वर पाणी गोडं, खाली खारं. पावसाळ्यात उतारावरून येणारे ओहोळ गोडे, झरे गोडे, मग एवढं तळं खारट कसं झालं?

उत्तर साधं आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या या विवरात पाणी यायला अनेक वाटा आहेत, बाहेर जायला एकही नाही. आलेलं पाणी फक्त उन्हानं उडून जातं. येताना ते खडकांतून आणि मातीतून चिमूटभर क्षार विरघळवून आणतं, ते मात्र उडत नाहीत. एका ओंजळीतली चिमूट जिभेला कळतही नाही. हजारो वर्षं तसंच साचत राहिलं की गोड्या पाण्याचं खारं तळं होतं.

आता दुसरं कोडं. मे महिन्यातला लग्नाचा मांडव. पदवी घेऊन चार वर्षं झालेला, तालुक्याच्या अभ्यासिकेत बसणारा, पोलिस भरतीत एकदा ग्राउंड काढून लेखी परीक्षेत दोन मार्कांनी राहिलेला एक मुलगा पंगतीत वाढतो आहे. असा मुलगा इथल्या कुठल्याही मांडवात सापडेल. एक मामा वरणाची वाटी पुढे करत विचारतात, “काय करून राहिला रे सध्या?” मुलगा म्हणतो, “अभ्यास चालू आहे, मामा.” पुढच्या पानावरचे काका तेच विचारतात. मग आत्या, मग वडिलांचे मित्र, मग नवरीकडचे कुणी. संध्याकाळपर्यंत सात-आठ जणांनी विचारलेलं असतं. कुणाच्याही मनात काळं नसतं. पण पुढच्या लग्नाला मुलगा येत नाही. “डोकं दुखतंय,” म्हणून घरी राहतो.

बरं, कुणी विचारलंच नाही तर? मग तोच मुलगा म्हणेल, “एवढे भेटले, पण एकानं साधं विचारलंही नाही.” विचारलं तरी टोचतं, नाही विचारलं तरी टोचतं. प्रश्न गोडा आणि साचतो मात्र खार, हे कसं होतं?

एका वाक्यात तीन प्रश्न

“सध्या काय करतोस?” हे दिसायला एक वाक्य आहे, पण त्याच्या पोटात तीन प्रश्न असतात.

पहिला माहितीचा: तुझा दिवस कशात जातो? दुसरा मापाचा: तुला कोणत्या पायरीवर धरायचं? समोरचा तलाठी आहे, शिक्षक आहे की कुठे कामाला नाही, यावर त्याला काय म्हणायचं, कुठे बसवायचं, त्याच्या बोलण्याला किती मान द्यायचा, हे आपण नकळत ठरवत असतो. तिसरा परवानगीचा: तुझ्या आयुष्यात आता मी बोट घालू का? म्हणूनच या प्रश्नामागोमाग जवळजवळ नेहमी एक सल्ला येतो. “एखादं दुकान टाक.” “पुण्याले जा.” “अमक्याचा पोरगा बघ, लागला पण.”

विचारणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न असतो. ऐकणाऱ्याला दुसरा ऐकू येतो. आणि उत्तर काहीही दिलं तरी तिसऱ्याला वाट मिळते. गडबड इथे आहे.

ज्याच्याकडे नोकरी आहे त्याला यातलं काही जाणवत नाही. “जिल्हा परिषदेत आहे,” एवढ्या तीन शब्दांत तिन्ही प्रश्न मिटतात. ज्याच्याकडे असे तीन शब्द नाहीत त्याला मात्र दर वेळी अख्खी कहाणी सांगावी लागते: जाहिरात कधी निघाली, परीक्षा का पुढे गेली, निकाल कुठे अडला. एक तर कहाणी सांगा, नाहीतर “काही नाही” म्हणा. आणि “काही नाही” म्हणणं म्हणजे आपल्याच हातानं आपलं नाव पुसणं.

शब्दच आधी निकाल देतात

या बाबतीत आपली भाषा फार मऊ नाही. ‘बेकार’ म्हणजे मुळात ज्याच्या हाताला काम नाही तो. पण आपण भाजी बिघडली तरी ‘बेकार झाली’ म्हणतो आणि सिनेमा आवडला नाही तरी ‘बेकार होता’ म्हणतो. काम नसणं आणि किंमत नसणं यांना एकच शब्द. ‘रिकामटेकडा’मध्ये तर काम नसल्याचा दोष थेट माणसाच्या स्वभावाला चिकटवलेला आहे. ‘खायला काळ, भुईला भार’ ही म्हण घरात ताटावर बसलेल्याच्या कानावर पडली, तर त्याचा घास कुठे अडकेल ते सांगायला नको.

‘बसणे’ या क्रियापदाकडे बघा. व्यापार चालला नाही की आपण म्हणतो, “धंदा बसला.” दोष धंद्याचा, बाजाराचा, काळाचा. मुलाला नोकरी मिळाली नाही की म्हणतो, “पोरगा घरी बसला.” दोष पोराचा. लोणारच्या तळ्यातला खार काढणं हा एके काळी इथला चालता धंदा होता. काच आणि साबण करायला लागणारा माल या भागात मिळतो, अशी नोंद ‘आइन-ए-अकबरी’तही आहे. तो धंदा संपला तेव्हा धंदा गेला असंच आपण म्हणतो, माणसं निकामी झाली असं नव्हे. आजच्या मुलासाठीही हीच भाषा वापरता येते आणि तीही आपल्याकडे तयार आहे. “जागा निघाल्या नाहीत,” “भरती अडली,” “हंगाम सरला,” “काम सुटलं.” ही वाक्यं परिस्थिती सांगतात, माणसाचा निकाल लावत नाहीत.

त्याहून बारीक काम चिमुकले शब्द करतात. “लागलं का कुठे?” आणि “अजून नाही लागलं?” यांत मुख्य फरक ‘अजून’चा आहे. त्या ‘अजून’मध्ये एक घड्याळ टिकटिकतं. “घरी असतेस का?” आणि “घरीच असतेस का?” यांत फरक एका ‘च’चा. चार वाजता उठून पाणी भरणारी, डबे करणारी, दुपारी निंदणाला जाणारी, संध्याकाळी म्हशीची धार काढणारी बाई स्वतःच उत्तर देते, “मी काही नाही करत, घरीच असते.” तो ‘च’ तिनं स्वतः शोधलेला नाही. वर्षानुवर्षं विचारणाऱ्यांनी तो तिच्या तोंडात ठेवला.

सरकारचा माणूस कसा विचारतो

गंमत अशी, की देशातली बेरोजगारी मोजायला जो माणूस दारात येतो, तो “तू बेकार आहेस का?” असं कधी विचारत नाही. त्याची पद्धत समजून घेण्यासारखी आहे.

२०१७ पासून राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय ‘आवर्ती श्रमबल सर्वेक्षण’ करतं. त्यात मोजणीच्या दोन मुख्य रीती आहेत. पहिलीत गेल्या ३६५ दिवसांचा हिशेब घेतात: यातला जास्त काळ कशात गेला? त्याशिवाय एखादं काम ३० दिवस किंवा त्याहून जास्त केलं का? म्हणजे वर्षभर अभ्यास करणाऱ्या मुलानं सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी मिळून महिनाभर केली असेल, तर ते कामही नोंदलं जातं. दुसऱ्या रीतीत फक्त गेले ७ दिवस बघतात. त्यात कोणत्याही एका दिवशी निदान एक तास काम केलं असेल, तरी तो माणूस त्या आठवड्यापुरता कामावर होता असं धरलं जातं.

मग प्रत्येकाला एक सांकेतिक क्रमांक मिळतो. स्वतःचा धंदा किंवा शेती करणाऱ्याला ११, पगारी नोकराला ३१, दुसऱ्याच्या शेतात रोजानं जाणाऱ्याला ५१. घरच्या शेतीत किंवा दुकानात पगाराशिवाय राबणाऱ्याला २१. काम नाही पण शोधतो आहे किंवा मिळालं तर करायला तयार आहे, त्याला ८१.

आता आपल्या मांडवातला मुलगा घ्या. सकाळी तो वडिलांबरोबर डवरणीला जातो, फवारणीचा पंप पाठीवर घेतो, मग अभ्यासिकेत बसतो. त्याच्या दिवसांचा नीट हिशेब मांडला तर शेतातलं ते राबणं २१ क्रमांकाखाली जमा होतं, म्हणजे सरकारी वहीत त्याचं काम दिसतं. मामांच्या वहीत मात्र तो रिकामा आहे.

सरकारी वहीलाही आंधळे कोपरे आहेत. आठवड्यात एक तास काम म्हणजे काही पोट भरणं नव्हे. आणि फक्त घरकामात राबणाऱ्या बाईला ९२ क्रमांक देऊन ही पद्धत तिला श्रमबलाच्या बाहेरच ठेवते. २०२३-२४ च्या अहवालात पहिल्या रीतीनं मोजलेला बेरोजगारीचा दर १५ वर्षांवरच्या सगळ्यांसाठी ३.२ टक्के होता, आणि १५ ते २९ या वयोगटासाठी १०.२ टक्के. गावोगावच्या अभ्यासिका कोणत्या वयाच्या माणसांनी भरलेल्या आहेत, ते या दोन आकड्यांतल्या अंतरावरून कळतं.

पण विचारण्याच्या रीतीपुरता एक धडा इथे मिळतो. मोजणीदार माणसाला मापत नाही, त्याच्या दिवसांना मापतो. “तू कोण आहेस?” ऐवजी “या आठवड्यात काय काय केलंस?” असं विचारतो. या प्रश्नाला “काही नाही” हे उत्तर बहुधा येतच नाही, कारण काहीच न करता आठवडा कुणाचाच जात नाही.

पगार गेला की आणखी काय जातं?

काम नसण्याचं दुःख पैशाचं असतं, हे खरं, पण तेवढंच नसतं. ते कशाकशाचं असतं, याचा शोध जवळपास शंभर वर्षांपूर्वी ऑस्ट्रियातल्या मारिएन्थाल नावाच्या गावात लागला. व्हिएन्नाजवळचं हे गाव एका कापड कारखान्यावर जगत होतं. १९२९-३० मध्ये कारखाना बंद पडला आणि जवळजवळ अख्खं गाव बेरोजगार झालं. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल या तरुण संशोधकांनी तिथलं जगणं बारकाईनं टिपलं. त्यांचं पुस्तक १९३३ मध्ये निघालं.

त्यांना वाटलं होतं, माणसांकडे आता वेळच वेळ आहे, तर वाचन वाढेल. झालं उलटं. वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. संशोधकांनी रस्त्यावरून जाणाऱ्यांची चाल आडून मोजली. पुरुष हळू चालत होते आणि वाटेत पुन्हा पुन्हा थांबत होते. बायका त्यांच्यापेक्षा भरभर चालत होत्या, कारण चूल, मुलं आणि कपडे यांनी त्यांचा दिवस बांधलेला होता.

याहोदा यांनी पुढे याची मांडणी केली. काम आपल्याला पगार तर देतंच, पण न मागता आणखी पाच गोष्टी देतं: दिवसाला बांध, घराबाहेरच्या माणसांशी गाठ, आपण कुठल्या तरी मोठ्या कामाचा भाग आहोत ही भावना, समाजात एक ओळख आणि हातापायांना नेमाची हालचाल. शेताचा बांध फुटला की आधी पाणी जातं आणि मग माती. तसं काम गेलं की आधी पैसा जातो आणि मागोमाग हे पाच.

२०२० च्या जूनमध्ये लोणारचं तळं गुलाबी झालं तेव्हा देशभर चर्चा झाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत कारण सापडलं. उन्हाळ्यात पाणी आटलं होतं, खारटपणा वाढला होता आणि खारात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांनी हा रंग आणला होता. तळ्यात नवा क्षार कुणी ओतला नव्हता. तेवढाच क्षार कमी पाण्यात उरला होता. बेरोजगार माणसाचं असंच होतं. “काय करतोस?” हा प्रश्न नोकरीवाल्यालाही विचारला जातो, पण त्याच्या आयुष्यात गोडं पाणी भरपूर असतं: ओळख, सोबती, पहिल्या तारखेचा पगार. तोच क्षार त्यात विरून जातो. ज्याचं पाणी आटलं आहे, त्याच्या चेहऱ्यावर मात्र लगेच रंग चढतो.

मारिएन्थालच्या संशोधकांची आणखी एक गोष्ट आपल्या विषयाला नेमकी लागू पडते. नुसतं वही-पेन्सिल घेऊन कुणीही गावात फिरायचं नाही, असा त्यांनी स्वतःसाठी नियम केला होता. प्रत्येकानं गावाच्या उपयोगाचं काहीतरी करायचं. त्यांनी कपडे गोळा करून वाटले, दवाखाना चालवला, शिवणकामाचे वर्ग घेतले. कुणाला कोणते कपडे हवेत हे विचारायला ते घरी जात आणि त्या बोलण्यातून घराची हकीकत आपोआप कळे. आधी उपयोगी पडायचं, मग विचारायचं.

बहात्तरला लाज का वाटली नाही?

आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना बहात्तरच्या, म्हणजे १९७२ च्या दुष्काळाबद्दल विचारा. ते खडी फोडल्याचं सांगतील, बंधाऱ्यावर माती वाहिल्याचं सांगतील, कामावर मिळणाऱ्या सुकडीची चव सांगतील. त्या बोलण्यात हाल असतात, पण लाज नसते. उलट थोडा अभिमानच असतो. घरात दाणा नव्हता, हाताला काम नव्हतं, तरी मान खाली का गेली नाही?

एक कारण म्हणजे ते संकट सगळ्यांचं होतं. पाटलाची विहीरही आटली होती आणि सालगड्याचीही चूल थंड होती. अर्थतज्ज्ञ अँड्र्यू क्लार्क यांनी २००३ मध्ये ब्रिटनमधल्या कुटुंबांच्या अनेक वर्षांच्या माहितीवरून हेच दाखवलं: आजूबाजूला बेरोजगारी जास्त असेल तिथे बेरोजगार माणसाचं मन तुलनेनं कमी खचतं. संकट वाटून घेतलं की ओझं पोटापुरतं उरतं. एकट्यावर पडलं की ते मानेवर येतं.

दुसरं कारण भाषेचं आहे. रोजगार हमी योजना महाराष्ट्राची. विधान परिषदेचे सभापती राहिलेले वि. स. पागे यांच्या कल्पनेतून ती आली, दुष्काळात राज्यभर पसरली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पुढे २००५ मध्ये देशानं रोजगाराचा जो कायदा केला, त्यामागे हाच अनुभव होता. या कल्पनेनं एक वाक्य बदललं. “काम द्या हो मायबाप,” याच्या जागी “मला काम पाहिजे,” असा अर्ज आला. अर्ज दिला की पोच घ्यायची आणि ठरल्या मुदतीत काम मिळालं नाही तर भत्ता मागायचा. प्रत्यक्षात त्यात कितीही अडचणी आल्या असोत, काम नसलेला माणूस त्या अर्जात बिचारा नाही आणि आळशीही नाही. तो मागणारा नागरिक आहे. आपल्या घरगुती बोलण्यात हा बदल अजून पोचायचा आहे.

तोंड चुकवण्याची किंमत

अमेरिकेत काम केलेले समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९५५ मध्ये एक विचार मांडला. चारचौघांत वावरताना प्रत्येक जण आपला एक ‘चेहरा’, म्हणजे आपल्याविषयीची एक बरी प्रतिमा, सांभाळत असतो. आणि सभ्यतेचा बराचसा भाग म्हणजे एकमेकांचा तो चेहरा पडू न देणं. मराठी माणसाला हे समजवायला समाजशास्त्राची गरज नाही. तोंड दाखवणे, तोंड लपवणे, तोंडघशी पडणे, तोंड चुकवणे या सगळ्यांत तोंड म्हणजे हाच चेहरा.

ज्याचा चेहरा वारंवार पडतो तो माणूस काय करतो? तोंड चुकवतो. लग्नाला जात नाही, बसस्टँडवर ओळखीचं कुणी दिसलं की मोबाइलमध्ये बघतो, तळ्याकाठच्या कमळजा देवीच्या नवरात्रातल्या गर्दीतही उशिरा जाऊन लवकर परततो. इथे या प्रश्नाचा खरा तोटा सुरू होतो, कारण कामाची बातमी नेमकी याच ठिकाणी फिरत असते.

१९७३ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासासाठी मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बॉस्टनजवळ नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं: ज्या ओळखीतून ही नोकरी कळली, त्या माणसाला तुम्ही किती वेळा भेटत होता? वारंवार भेटणाऱ्याकडून कळलं असं सांगणारे सहांत एकच निघाले. बाकीच्यांना ती बातमी अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्या माणसाकडून आली होती. कारण उघड आहे. घरच्यांना आणि जिवलग मित्रांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं. नवी बातमी दूरच्या माणसाकडे असते. २०२२ मध्ये लिंक्डइनवरच्या सुमारे दोन कोटी लोकांच्या माहितीचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही नोकरी मिळायला घट्ट नात्यांपेक्षा सैल ओळखी जास्त उपयोगी पडल्या.

म्हणजे साखळी अशी: चार गोडे प्रश्न, त्यांचा साचलेला खार, मग मांडव टाळणं, मग दूरच्या ओळखी तुटणं, मग कामाची बातमी न कळणं, मग आणखी सहा महिने घरी. प्रश्न विचारणाऱ्याला वाटतं, आपण काळजीनं विचारतो आहोत. पण जिनिंगमध्ये हिशेबाला माणूस हवा आहे, हे सांगू शकणारा त्याच मांडवात बसलेला असतो आणि ज्याला सांगायचं तो डोकं दुखतंय म्हणून घरी असतो.

बाहेर जायची वाट असलेला प्रश्न

तळं खारं झालं ते बाहेर जायची वाट नव्हती म्हणून. मग प्रश्न बंद करण्यापेक्षा, उत्तर देणाऱ्याला सुटायची वाट ठेवणारा प्रश्न विचारावा. कुणाला किती सांगायचं, हे त्याच्या हातात राहिलं पाहिजे. त्यासाठी घरच्याच काही रीती पुरतात.

*चौघांत नको, दोघांत.* पंगतीत विचारलेल्या प्रश्नाला पंगतभर कान असतात. हात धुताना, गाडीवर मागे बसवून नेताना, शेताच्या बांधावर तोच प्रश्न निम्म्या वजनाचा होतो. शेजारी शेजारी चालताना माणसं जास्त बोलतात, कारण तोंडाकडे बघावं लागत नाही.

*हुद्द्याबद्दल नको, दिवसांबद्दल.* “काय करतोस?” ऐवजी “यंदा सोंगणी गुत्त्यानं दिली का रोजानं?” किंवा “अभ्यासिकेत गर्दी असते का रे आता?” असं विचारावं. माहीत असलेल्या गोष्टीबद्दल विचारलं की माणूस मोकळा होतो. पुढचं सांगायचं असेल तर तो स्वतः सांगतो, नसेल तर बोलणं सोयाबीनच्या भावावर जाऊन सुखानं संपतं.

*सल्ला नको, बातमी.* “प्रयत्न कर,” हा सल्ला त्याला तुमच्याआधी शंभर जणांनी दिला आहे. “मेहकरला एका दुकानात माणूस बघताहेत, नंबर देऊ का?” ही बातमी. त्यातला ‘देऊ का?’ महत्त्वाचा, कारण नाही म्हणायची सोय त्यात आहे. आणि अमक्याचा पोरगा लागला, हे ना सल्ला आहे ना बातमी.

*“रिकामाच आहेस ना” नको.* नोकरी नसलेल्या मुलाच्या वाट्याला घरादाराची कामं येतात: सिलिंडर आणणं, आजीला दवाखान्यात नेणं, बँकेच्या रांगेत उभं राहणं. काम सांगण्यात काही चूक नाही, उलट त्यानं दिवसाला बांध मिळतो. पण “रिकामाच आहेस, तर जा,” आणि “उद्या सकाळी तुला जमेल का?” यांत पहिलं वाक्य त्याचा वेळ फुकटचा ठरवतं, दुसरं त्याचा वेळ त्याचा आहे हे मान्य करतं. आणि जे काम दुसऱ्याला पैसे देऊन करून घेतलं असतं, त्याचे पैसे त्यालाही द्यावेत.

*नोकरी सुटलेल्याला कारण विचारू नये.* शहरातली नोकरी सुटून परत आलेल्या माणसाला “का काढलं?” हा प्रश्न चौकशीच्या खुर्चीत बसवतो. “आलास, बरं झालं. आई खूश असेल,” एवढ्यावर थांबावं. नोकरी का सुटली, ते तो चौथ्या-पाचव्या भेटीत आपणहून सांगतो.

*जिथे माहिती खरंच हवी, तिथे सरळ विचारावं.* सोयरीक जुळवताना, भाड्यानं घर देताना, उसने पैसे देताना कामाची चौकशी करावीच लागते. तिथे आडून आडून विचारणं जास्त अपमानाचं असतं. “घरखर्च कसा भागतो, एवढं समजलं तर बरं होईल,” असं स्वच्छ विचारलं की समोरचाही स्वच्छ उत्तर देतो.

उत्तर देणाऱ्यासाठी

विचारणारे लगेच सुधारतील याची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. उत्तर देणाऱ्याकडेही थोडी तयारी असावी. दर वेळी नवी कहाणी सांगण्यापेक्षा एक छोटं, खरं वाक्य तयार ठेवलेलं बरं: “शेती बघतो आणि भरतीची तयारी करतो.” यात खोटं काही नाही आणि पुढच्या सल्ल्याला आमंत्रणही नाही. ‘काही नाही’ हे दोन शब्द मात्र उत्तरातून काढून टाकावेत. वाक्य संपलं की आपणच प्रश्न टाकावा: “मामा, तुमच्याकडे औंदा तूर कशी आहे?” चेंडू पलीकडे गेला.

आणि विचारणाऱ्याला कामाला लावता आलं तर उत्तमच. “तुमच्या ओळखीत गाडी चालवायचं काम निघालं तर मला सांगाल?” असं म्हटलं की प्रश्न विचारणारा मामा परीक्षक उरत नाही, बातमीदार होतो.

> थोडक्यात
>
> • “काय करतोस?” या प्रश्नात माहिती, माप आणि सल्ल्याची परवानगी हे तीन प्रश्न दडलेले असतात.
>
> • ‘बेकार’, ‘रिकामटेकडा’, ‘घरी बसला’ हे शब्द परिस्थितीचा दोष माणसाला चिकटवतात. ‘जागा निघाल्या नाहीत’, ‘काम सुटलं’ हे तसं करत नाहीत.
>
> • ‘अजून’ आणि ‘च’ जपून वापरावेत.
>
> • काम गेलं की पैशाबरोबर दिवसाचा बांध, माणसांची गाठ, सहभागाची भावना, ओळख आणि हालचालही जाते.
>
> • टोचणाऱ्या प्रश्नांमुळे माणूस मांडव टाळतो आणि कामाची बातमी देणाऱ्या दूरच्या ओळखींना मुकतो.
>
> • दोघांत विचारावं, दिवसांबद्दल विचारावं, बातमी द्यावी आणि नाही म्हणायची सोय ठेवावी.

पुन्हा त्याच मांडवात जाऊ. तोच मुलगा, हातात वरणाची बादली. मामा वाटी पुढे करतात आणि म्हणतात, “अरे, पंगत उठली की जरा थांब. माझ्या पंपाचं नोझल सारखं तुंबून राहिलं, तुले समजते त्यातलं.” मुलगा मान डोलावून पुढे जातो. तासाभरानं दोघं मांडवामागे पंप उघडून बसलेले असतात. मामा नोझल धरतात, मुलगा तारेनं कचरा काढतो. भरतीचं काय झालं, हे मामांनी विचारलेलं नाही. नोझल साफ झाल्यावर मुलगाच सांगायला लागतो.